पेटीतले सूर

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघर माळे रिकामे होऊ लागतात. पितळेची भांडी चिंचेने घासली जातात, गाद्या उन्हात पडतात, आणि वर्षभर कुणाच्या ध्यानीमनी नसलेली एखादी पत्र्याची पेटी अंगणात येऊन बसते. साताऱ्याच्या मंगळवार पेठेत आमचे आजोळ. तिथल्या माळ्यावर अशीच एक पेटी होती. तिच्यात कपडे नव्हते की कागदपत्रे नव्हती. होत्या फोनोच्या तबकड्या. आजोबांनी पगारातून पोटाला चिमटा घेऊन एकेक करून जमवलेल्या. पेटीला कुलूप असे आणि किल्ली आजोबांच्या जानव्याला. वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दिवाळीच्या पाडव्याला, ती उघडे. आजोबा तबकडी दोन्ही तळव्यांच्या मध्ये कडांनी धरीत, फोनोला चावी देत, दर बाजूला नवी पिन लावीत. आम्ही मुले भिंतीला पाठ लावून बसत असू. खोकला आला तरी तो गिळायचा, असा दंडक होता.

आमचे थोरले मामा नेमके उलटे. रेल्वेतल्या नोकरीमुळे ते मिरजेला राहिले होते. सतारमेकरांच्या आळीजवळ त्यांचे बिऱ्हाड. संध्याकाळी दार सताड उघडे, आणि फोनो खिडकीत. सतार घडवणारा कारागीर, दुधवाला, दर्ग्याच्या उरुसाला आलेला पाहुणा, कोणीही यावे आणि उंबऱ्यावर टेकावे. मामा तबकड्या मागेल त्याला देत. काही ओरखडे घेऊन परत येत, काही येतच नसत.

या बापलेकांचा वाद आम्ही सुट्टीत पुष्कळदा ऐकला आहे. "अरे, दहा वर्षांनी तुझ्याकडे नुसती खरखर उरेल," असे आजोबा म्हणत. त्यावर मामा हसून म्हणत, "आबा, पेटीतला आवाज कुणाचा हो? ज्याच्या कानात राहिला त्याचाच ना?"

तबकडी वाजवली तर झिजते आणि न वाजवली तर मुकी राहते. या पेचात खरे कोणाचे, हे तेव्हा आम्हाला कळले नव्हते. पुढे या काळ्या तबकडीचा इतिहास वाचत गेलो, तसतसे उत्तर थोडे थोडे उलगडू लागले.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाची पहिली मोठी मोहीम १९०२ साली निघाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला उतरला आणि त्याने गोहरजान वगैरे कलावंतांची गाणी मुद्रित केली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कलावंताने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे, आणि त्या आवाजाच्या धक्क्याने मेणावर रेघ उमटायची. तबकड्या छापल्या जात त्या जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरी. तिथल्या कामगारांना गाणारा कोण हे समजावे म्हणून गाणे संपताच कलावंत आपले नाव इंग्रजीत पुकारीत. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदह येथे कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये डमडमला त्याहून मोठा. मग तबकडी आपल्याकडेच तयार होऊ लागली.

गंमत अशी, की तबकडी परदेशी असली तरी तिचा जीव आपलाच होता. ती लाखेची असे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो रस सोडतात, तो छोटा नागपूर आणि बंगालच्या रानांतून गोळा होई. त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून दहा इंची तबकडी होई. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे गाणे. जो गवई एका रागावर तासभर सहज घालवी, त्याला तेवढ्या अवधीत आपले सर्वस्व सांगून मोकळे व्हावे लागे.

या कसोटीला आमच्या कृष्णाकाठची माणसे कशी उतरली, हे पाहण्यासारखे आहे. आजचा सांगली जिल्हा पूर्वी बहुतांशी सातारा जिल्ह्यात आणि काही संस्थानांत विभागलेला होता. १९४९ साली तो दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलखातल्या नागठाणे गावाने बालगंधर्व दिले. १९०५ साली मिरजेच्याच रंगभूमीवर शकुंतलेच्या वेषात ते प्रथम उभे राहिले. त्यांच्या नाटकाचे तिकीट ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्या ओसरीवर ते तबकडीतून आले. मास्टर दीनानाथांचे बिऱ्हाड सांगलीत होते. त्यांची तळपती तान त्यांच्यामागे तबकड्यांतच उरली. हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मल्या. पुढच्या काळात वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे यांचा पहाडी आवाज तबकडीवर चढला आणि डोंगरातल्या वाडीवस्तीवर पोहोचला.

या सर्वांत मिरजेला आपले वाटतात ते हिराबाईंचे वडील, अब्दुल करीम खाँसाहेब. जन्म उत्तरेतल्या कैरान्याचा. पण मिरज त्यांनी आपले घर केले. १९३७ साली मद्रास इलाख्यात प्रवासात असताना सिंगपेरुमालकोइल स्टेशनावर त्यांचा अंत झाला. देह मात्र मिरजेला आणला गेला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावला. तिथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते. खाँसाहेबांनी तबकडीवरची तीन मिनिटे अशी भरून ठेवली, की ऐकणाऱ्याला ती अपुरी वाटू नयेत. गदग गावात एका दुकानात वाजणारी त्यांची तबकडी एका शाळकरी मुलाने ऐकली. ती त्याच्या मनात अशी रुतली, की गाणे शिकायला गुरू हवा म्हणून त्याने घर सोडले. भटकत भटकत तो अखेर खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारी पोहोचला. हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. त्या दुकानदाराने ती तबकडी कपाटात जपून ठेवली असती तर? मामांची बाजू इथे बळकट होते.

आता दुसरी बाजू पाहा. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याची वर्णने वाचून आजही मन हुरहुरते. पण आवाज ऐकावा म्हटले तर एकही तबकडी मिळत नाही. कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते. तरी बाजारात त्यांची तबकडी कधी आली नाही. जे मुद्रित झाले नाही ते गेले; आणि जे मुद्रित झाले, पण कोणी सांभाळले नाही, तेही त्याच वाटेने गेले. सांभाळणे म्हणजे कंजूषपणा नव्हे. आजोबांचे कुलूपही अगदीच वावगे नव्हते.

तबकडी ही केवळ आपल्या गावची गोष्ट नव्हती. १९२८ साली आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या झांझिबार बेटाहून एक गायिका आपल्या साथीदारांसह आगबोटीने मुंबईला आली. तिचे नाव सिती बिंती साद. गरीब घरातली ही बाई तरुणपणी मातीची भांडी विकत हिंडे. मुंबईत ग्रामोफोन कंपनीने तिची स्वाहिली भाषेतली गाणी मुद्रित केली, आणि त्या तबकड्यांना झांझिबारपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या गावांपर्यंत मोठी मागणी आली. स्वाहिली गाण्याच्या इतिहासातले हे एक आरंभीचे पान. आणि ते लिहिले गेले आपल्या मुंबईत! ज्या शहरातून आमच्या आजोबांनी पार्सलाने तबकड्या मागवल्या, तिथेच आफ्रिकेचा हा आवाज लाखेवर उमटला होता. आज जगभरचे संग्राहक अशा आफ्रिकी तबकड्यांच्या शोधात असतात, कारण जुन्या काळातल्या कित्येक तबकड्यांची एखाददुसरीच प्रत उरली आहे.

त्या इतक्या थोड्या का उरल्या, यालाही कारणे आहेत. लाखेची तबकडी हातून निसटली की काचेसारखी फुटते. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली. १९४२ साली अमेरिकेत तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर सरकारने मोठी कपात लादली. तेव्हा जुन्या तबकड्या गोळा करून, दळून त्यांच्या नव्या करण्याची टूम निघाली. किती गवयांचे सूर त्या चक्कीत भरडले गेले असतील, देव जाणे. पुढे १९४८ साली व्हिनाइलची लांब पल्ल्याची तबकडी आली. ती लवकर फुटत नसे आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे वाजे. आपल्याकडे लाखेची तबकडी त्यानंतरही बरीच वर्षे टिकली. विलायतेत ती बंद पडली होती, तेव्हाही १९६४-६५ च्या सुमारास इथे बीटल्स मंडळींची गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर निघत होती, आणि परदेशातले शौकीन आज ती हिंदुस्थानी तबकडी हुडकत फिरतात. मग कॅसेट आली, आणि घरोघरच्या फोनोचा कर्णा पितळेच्या भावाने मोडीत गेला. तबकड्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढल्या.

त्या हातगाडीवरून त्यांना खाली उतरवणारी माणसे निघाली, हे आपले भाग्य. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. सुरेश चांदवणकर हे तिचे आधारस्तंभ. या मंडळींनी चोरबाजार धुंडाळले, याद्या केल्या, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचे नियतकालिक चालवले, आणि मुख्य म्हणजे जमवलेले गाणे चारचौघांना बसवून ऐकवले. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल किनियर यांनी आरंभीच्या हिंदुस्थानी तबकड्यांची क्रमवार नोंद करून ग्रंथ सिद्ध केला. आता संगणकाच्या साहाय्याने तबकडीतला आवाज उतरवून घेता येतो. एकदा नीट उतरवला की तो लाख वेळा ऐका, मूळ तबकडीला ओरखडा म्हणून पडत नाही. आजोबा आणि मामा यांच्या वादात जो तिसरा मार्ग त्या काळी नव्हता, तो आता निघाला आहे.

जपणे आणि वाटणे यांचा संगम कोठवर नेतो, याची एक गोष्ट सांगतो. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अवकाशात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली आहे. तिच्यात पृथ्वीवरचे निवडक सत्तावीस संगीतखंड आहेत. सेनेगलचा तालवाद्यांचा गजर त्यात आहे, मध्य आफ्रिकेच्या अरण्यातल्या मुलींचे गाणे आहे, आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. निवड झाली तेव्हा ती तबकडी सहजी मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. कोणीतरी ते खोके टाकून दिले नव्हते, म्हणून! ज्या गुरूंची तबकडी बाजारात आली नाही, त्यांची विद्या शिष्येच्या कंठातून सूर्यमालेपलीकडे निघाली आहे.

आता आमच्या पेटीकडे वळतो. आजोबा गेले, मामाही गेले. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत पेटी खाली उतरली. पत्र्याखालच्या उन्हाने आणि एकावर एक रचल्याच्या भाराने खालच्या तबकड्या वाकल्या होत्या. खाँसाहेबांची एक तबकडी स्वच्छ होती, पण कडेचा टवका उडाल्याने आरंभच नाहीसा झालेला. तीच तबकडी मामांच्या घरीही निघाली. तिचा आरंभ ठीक होता, पण आत आत जावे तसा आवाज झिजून खरखरीत बुडाला होता. पिन बोथट होत जाते ती शेवटाकडेच. सांगलीच्या एका तरुण संग्राहकाने दोन्ही नेल्या. मामांच्या तबकडीचा आरंभ आणि आजोबांच्या तबकडीचा पुढचा भाग जोडून त्याने ते गाणे अखंड करून दिले. ऐकताना कान देऊनही सांधा सापडत नाही. हयातभर ज्यांचे जमले नाही, ते बापलेक तीन मिनिटांच्या भैरवीत एक झाले.

म्हणून वाचकहो, तुमच्या माळ्यावर अशी पेटी निघाली तर ती भंगारात घालू नका. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नका, त्यात लाख विरघळते. मऊ ओल्या फडक्याने गोलाकार पुसा, मधला कागद भिजू देऊ नका. आडव्या थप्पीत न ठेवता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, उन्हापासून दूर. नव्या यंत्रावर लावायच्या तर ७८ ची जाड सुई वेगळी मिळते, तीच वापरा. आणि कोणी जाणता आवाज उतरवून देतो म्हणाला, तर किल्ली सैल करा.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आता आमच्याकडे ते जोडलेले गाणे लागते. अंगाला उटणे लावून मुले ओट्यावर कुडकुडत बसलेली असतात. खोकला आला तर ती खुशाल खोकतात. खाँसाहेब गातच असतात.