पुस्तक नसलेला मारिओ

या मालिकेत आपण आतापर्यंत किल्ले पाहिले, ताम्रपट वाचले, दफ्तरखान्यांची धूळ खाल्ली. आज मी एका प्लास्टिकच्या कॅसेटचा इतिहास सांगणार आहे. हसू नका. ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना कुठल्या कॅसेटबद्दल बोलतोय हे कळलंच असेल.

बडोद्याला दांडिया बाजारात आमच्या घराजवळ एक दुकान होतं. पुढे झेरॉक्स आणि एसटीडी, मागच्या खोलीत दोन टीव्ही आणि दोन व्हिडिओ गेम. तासाला 10 रुपये. 1996 ची उन्हाळ्याची सुट्टी. दादा पहिला खेळाडू, मी दुसरा. दादाचा मारिओ मरेपर्यंत मी नुसतं बसून राहायचं, आणि मनात म्हणायचं, पड ना बाबा एकदा त्या खड्ड्यात! मग माझा लुईजी यायचा. तो म्हणजे कपड्यांचा रंग बदललेला मारिओच. धाकट्याच्या वाट्याला थोरल्याचे कपडे येतात, तसं ते मला वाटायचं. खरं कारण वेगळं होतं, ते मला फार उशिरा कळलं. जागाच नव्हती.

'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानात 13 सप्टेंबर 1985 ला आला. बनवणारी कंपनी निन्टेंडो, क्योटोची. 1889 मध्ये ती सुरू झाली ती पत्त्यांचे जोड बनवण्यासाठी. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी हा खेळ रचला, कोजी कोंडो यांनी संगीत दिलं. सगळं मिळून 40 किलोबाइट! आज मोबाइलवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटोसुद्धा बहुधा याहून मोठा असतो. त्या एवढ्याशा जागेत 32 टप्पे, राक्षस, पाणी, किल्ले आणि संगीत बसवायचं होतं. म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. पहिल्याच पडद्यावर चालत येतो तो बदामी शत्रू (आम्ही त्याला 'कीडा' म्हणायचो) अगदी शेवटी सुचला. तोवर जागा इतकी संपली होती की त्याला चालताना दाखवायला एकच चित्र डावी-उजवीकडे उलटवत राहावं लागलं.

पण मला जास्त नवल वाटतं ते त्या पहिल्या पडद्याचं. तिथे एकही सूचना लिहिलेली नाही. कीडा समोरून येतो, तुम्ही मरता, पुढच्या वेळी उडी मारता. प्रश्नचिन्हाच्या विटेला डोकं लागतं, मश्रूम बाहेर पडतो, पुढच्या पाइपला आपटून उलट तुमच्याकडेच येतो. टाळायला जावं तरी अंगावर येतो, आणि मारिओ मोठा होतो. झालं, शिकलात! मियामोतोंनी हे मुद्दाम असं रचलं होतं. वाचता न येणाऱ्यालाही खेळता यावं असा हा खेळ, आणि म्हणूनच तो बडोद्यातल्या, जेमतेम इंग्रजी येणाऱ्या पोरांच्या हातात टिकला.

वाचायला तसंही आमच्याकडे काही नव्हतं. जपानात 1985 मध्ये सर्वांत जास्त खपलेल्या पुस्तकांत या खेळाच्या मार्गदर्शिकेचा समावेश होता. तिथल्या मुलांना गुपितं छापील मिळत होती. आमच्या दुकानात जे यंत्र होतं ते मूळ जपानी यंत्राची नक्कल. आत त्याच चिपची नक्कल, कॅसेटही नकली. वर लिहिलेलं असायचं, 99,99,999 खेळ! प्रत्यक्षात खेळ मोजके, तेच पुन्हा पुन्हा, कुठे सुरुवात तिसऱ्या टप्प्यापासून तर कुठे पाचव्या. अशा अनेक नकली कॅसेटींत पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव आणि 1985 हे वर्षही पुसून टाकलेलं असे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचा त्रास होतो हो. कर्त्याचं नाव आणि साल खरवडून काढलेला शिलालेखच हा. निन्टेंडोच्या हिशेबात या खेळाच्या 4 कोटींहून जास्त प्रती खपल्या. आमची प्रत त्यात नाही.

आणखी एक गंमत. हा खेळ पडद्याच्या तालावर चालतो. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला 60 वेळा पडदा रंगवत, आपले 50 वेळा. त्यामुळे आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर मारिओ सहा पावलांच्या जागी पाचच टाकायचा. संगीताचा सूर जवळजवळ तोच, लय मात्र संथ. मूळ खेळ मी पुढे कॉलेजात ऐकला तेव्हा वाटलं, यांनी पळवलाय.

तर पुस्तक नाही, म्हणून आमचं सगळं ज्ञान तोंडी. दुसऱ्या टप्प्यात छतावरून पळत गेलं की गुप्त खोली लागते आणि तिथून थेट चौथ्या जगात जाता येतं, हे मला दादाने सांगितलं, दादाला त्याच्या वर्गातल्या कुणीतरी. लाइट गेली की सगळा खेळ पहिल्यापासून, त्यामुळे असली माहिती सोन्याच्या मोलाची. पण तोंडी परंपरेत खरं-खोटं कसं ओळखायचं?

दुकानात एक चश्मिस मुलगा यायचा. त्याने एकदा सांगितलं, त्याच दुसऱ्या टप्प्यात शेवटी पाइपवरून बसून उलटी उडी मारली की मारिओ भिंतीतून आरपार जातो आणि पाण्याचं एक जग लागतं, ते कधी संपतच नाही. आम्ही म्हटलं, दाखव. त्याने पूर्ण तास घालवला. भिंत काही फुटेना. तेव्हा पहिल्यांदा हसलो तो मी. 'फेकू' हे नावही मीच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून तो दिसला नाही.

मंडळी, ते जग आहे. भिंतीतून लवकर घुसलं की पाइपांना जगाचे आकडे अजून मिळालेलेच नसतात. डावा पाइप तुम्हाला 36 व्या जगात नेतो, आणि 36 या आकड्याला खेळात रिकाम्या जागेचं चित्र आहे. म्हणून पडद्यावर फक्त 'उणे एक' दिसतं. आत पाणीच पाणी. शेवटच्या पाइपात शिरलात की पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या दिवाळीत मी ते घरी करून पाहिलं. सतरा वेळा आपटलो, अठराव्यांदा आत गेलो. लगेच दादाला फोन लावला.

"दादा, तो फेकू आठवतो का रे?"

"चश्मिस? त्याचं काय?"

"खरं बोलत होता तो."

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाव काय होतं रे त्याचं?"

दोघांनाही आठवलं नाही. 1996 च्या मे महिन्यात दांडिया बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानामागे एक तास भिंतीशी झुंजलेले तुम्ही हे वाचत असाल, तर मला जरूर कळवा. तुमचे 10 रुपये मी देणं लागतो.