पायाखालची ओल

आमच्या जांब समर्थच्या घरामागे, परसात, आम्ही रोपांसाठी एक छोटं घर उभारलं. बारा बाय वीस फुटांचं. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर हिरवी जाळी, पावसाच्या बाजूला प्लास्टिकचा कागद. सांगाडा दोन दिवसांत उभा राहिला. खाली जमीन कसली करायची, यावर मात्र महिनाभर खल चालला. मुलगा म्हणाला, "अब्बा, सरळ टाइल्स बसवू. पुसायला सोप्या." सूनबाईला सिमेंटचा कोबा हवा होता. मी गप्प होतो. कारण याच जागी काही वर्षांपूर्वी मीच हौसेनं कोबा करून घेतला होता आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात त्याला बोटं शिरतील एवढी भेग पडली होती. कवीला फरशीतलं काय कळतं, हे तेव्हापासून ऐकतो आहे.

दोष काळ्या मातीचा होता, किंवा तिला न ओळखणाऱ्या माझा. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसते. तिच्या पाठीवर घट्ट, सलग काही टाकलं की ती ते फोडते. मराठवाड्यातल्या जुन्या धाब्याच्या घरांनी हे कधीच ओळखलं होतं. काळी माती उकरून काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मसानं ठोकायचा, वर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा आणि शेणानं सारवायचं. तरी भेगा पडतच. पण दर आठवड्याला सारवताना अम्मी त्या बुजवून टाकायची. भेग पडणारच, हे गृहीत धरून केलेली ती जमीन होती. आमच्या कोब्यानं तेवढंच गृहीत धरलं नव्हतं.

मग शहाबादी फरशी आली. शहाबाद आज कर्नाटकात आहे, पण 1956 पर्यंत ते आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद संस्थानात, नंतर राज्यात होते. शहाबादच्या बाजूनं रेल्वे 1870 च्या दशकात गेली आणि 1900 च्या सुमारास मनमाड–हैदराबाद मार्ग जालन्यातून धावू लागला. एवढा जड दगड बैलगाडीवर किती लांब जाणार? आगगाडीनं तो घराघरांत पोहोचणं सोपं झालं. ज्यांच्या ओसरीत शहाबादी होती, त्यांच्याकडे पाहुणे चपला जरा लांबच काढत. आता तीच फरशी गोठ्यात आणि न्हाणीघरात दिसते. माझ्या मते रोपांच्या घरासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. मात्र ती खडबडीत हवी. घोटून गुळगुळीत केलेल्या फरशीवर शेवाळ धरलं की माणूस पाठीवरच पडतो.

रोपांना छपराखाली वाढवण्याची कल्पना जुनी आहे. रोमचा बादशहा टायबेरियस याला वर्षभर काकड्या लागत. त्याच्या माळ्यांनी चाकांवरचे वाफे केले होते. उन्हात ढकलायचे, थंडीत पारदर्शक दगडाच्या पत्र्यांखाली आणायचे. तिथं फरशीचा प्रश्नच मिटला! पुढं इंग्लंडात काचघरं आली आणि प्रश्न परत आला. 1851 साली लंडनला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टननं काचेचा महाल बांधला. हा गृहस्थ मुळात चॅट्सवर्थच्या बागेचा माळी. काचघरांतून वावरताना त्यानं पाहिलं होतं, की लाकडी फळ्यांत बारीक फटी ठेवल्या तर झाडताना धूळ आपोआप खाली जाते. तीच युक्ती त्यानं महालात वापरली.

इंग्लंडचे माळी उन्हाळ्यात काचघराच्या वाटेवर पाणी शिंपडत. ते वर चढतं, हवा दमट होते, गारवा येतो, पानं करपत नाहीत. हे वाचलं आणि मला हसू आलं. श्रोतेहो, आपल्या आयाबहिणी अंगणात सडा घालतात तो वेगळा काय असतो? पण सड्याला पाणी पिणारी जमीन लागते. चकचकीत टाइलवरचं पाणी एक तर साचतं किंवा वाहून जातं. आपला पानमळाही हेच सांगतो. शेवरी, हादगा, पांगारा यांच्या सावलीत नागवेल वाढते, खालची ओल टिकते. आपल्याकडचं खरं हरितगृह मी त्यालाच म्हणेन. अनेक ठिकाणी त्यात चपला घालून जात नाहीत. श्रद्धेची गोष्ट असेल, पण बाहेरचा रोगही त्यामुळं आत येत नसावा.

1608 साली आमच्याच गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी 'बागप्रकरण' लिहिलं. त्यात झाडाझुडपांची नावंच नावं आहेत. माझ्यासारख्या माणसाला ती वाचताना ओल्या मातीचा वास येतो. पण याच मुलखात 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. तेव्हा टँकरच्या पाण्यातली बादली रोपांना घालताना हात थरथरायचा. अम्मी वुजूचं पाणी मोगऱ्याला सोडायची. ते पाहिलेल्या माणसाला पाणी वाहून नेणारी फरशी बसवणं जमणार नव्हतं.

शेवटी असं ठरलं. काळी माती दीड फूट उकरली, मुरूम भरून ठोकला, वर बारीक खडी पसरली. कुंड्या आणि ट्रे त्या खडीवर. तण येऊ नये म्हणून शेडनेटवाले अंथरतात तशी काळी विणलेली चटई कडेनं टाकली; तिच्यातून पाणी झिरपतं. मधल्या दोन फुटी वाटेवर शहाबादीचे तुकडे नुसते वाळूवर मांडले. सिमेंट अजिबात नाही. मातीनं हालचाल केली तर फरशी उचलायची, वाळू सारखी करायची, पुन्हा ठेवायची. गवंडी म्हणाला, "चाचा, हे काय काम झालं?" मी म्हणालो, मजुरी पूर्ण घे.

मुलगा अजून टाइल्सचं नाव काढतो. यंदाच्या पावसात एका सांध्यातून पुदिना वर आला. सूनबाई त्याला हात लावू देत नाही. चहाला लागतो म्हणते.