शेंगुळ्यातले तिखट

मराठी गद्याचा आरंभकाळ शिकवताना महानुभाव वाङ्मयातील काही प्रसंग आम्ही वर्षानुवर्षे वर्गात वाचत आलो आहोत. गोविंदप्रभूंच्या चरित्रातील शेंगुळे-बुड्ड्यांचा प्रसंग हा त्यांपैकी एक. वेडापिसा भासणारा रिद्धपूरचा हा अवतारी पुरुष शेंगुळ्यांसाठी लहान मुलासारखा हट्ट धरून बसतो. यादवकालीन भाषेने गांगरलेले विद्यार्थी या शब्दापाशी आले की एकदम खुलतात. मराठवाड्यातून किंवा सोलापूरकडून आलेला एखादा विद्यार्थी ‘आमच्याकडे अजून करतात, सर’ असे सांगतो, आणि सातशे वर्षांचे अंतर एका शब्दाने मिटल्यासारखे वाटते.

हे अंतर मिटते ते शब्दापुरतेच. शब्द तोच राहिला, पण त्याच्या पोटातला पदार्थ बदलला आहे. कठीण शब्द अडला तर आपण कोश उघडतो. ओळखीचा शब्द मात्र आपल्याला थांबवीत नाही, आणि त्याच्या मागून आपली आजची चव जुन्या ग्रंथात नकळत शिरते. प्राचीन वाङ्मयातील अन्नाविषयी बरेच लिहिले गेले आहे, परंतु त्यात पक्वान्नांच्या याद्यांचाच भरणा अधिक. रोजच्या साध्या अन्नाची, आणि विशेषतः ताटात डाव्या बाजूला वाढल्या जाणाऱ्या तोंडीलावण्यांची, बूज तुलनेने कमी राखली गेली आहे. वास्तविक चवीचा इतिहास शोधायचा तर तो तिथेच सापडण्याचा संभव अधिक.

प्रथम आजचे शेंगोळे कसे करतात ते पाहू. हुलग्याचे (कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात त्याचे) पीठ घ्यावयाचे. त्यात मूठभर ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ मिसळले तर वळणे सोपे जाते. लसूण, जिरे, मिरची व मीठ एकत्र वाटून त्यातले निम्मे वाटण पिठात घालावयाचे. चवीला ओवा, हळद. पीठ घट्ट मळून, हाताला तेल लावून करंगळीहून बारीक वळ्या करावयाच्या आणि त्यांची टोके जुळवून कडी वळावयाची. पातेल्यात तेलाची फोडणी, त्यात उरलेले वाटण, त्यावर भरपूर पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की एकेक शेंगोळे सोडावयाचे. आधणाची उकळी मोडली तर ती फुटतात. शेवटी वळायला घेतलेल्या परातीतले पीठ थोड्या पाण्यात कालवून तेच रश्शात सोडतात, म्हणजे त्याला दाटपणा येतो. वीसेक मिनिटे शिजल्यावर ताटात घेऊन वरून कच्चे तेल किंवा तूप. भाजी नाही, आमटी नाही, पोळी नाही. एका भांड्यात सगळे जेवण. पाऊस लागला आणि घरात भाजी नसली की करावयाचा हा पदार्थ आहे.

आता यातले जुने काय आणि नवे काय? हुलगा फार जुना. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यात जव, मसूर यांच्याबरोबर कुळथाचेही जळके दाणे मिळाले. ती वस्ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, पण तीही हजारो वर्षांपूर्वीच इकडे येऊन रुजली आहे. लसणाचे म्हणावे तर मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना लसूण व कांदा वर्ज्य सांगितला आहे. आणि ज्याचा निषेध करावा लागतो ते कोणीतरी आवडीने खात असते, एवढा निष्कर्ष काढावयास हरकत नाही. मिरची तेवढी नवी. ती अमेरिका खंडातली. कोलंबसाचा प्रवास १४९२ चा, पोर्तुगीजांनी गोवा घेतले ते १५१० मध्ये, आणि मिरची आपल्याकडे आली ती त्यांच्याबरोबर, सोळाव्या शतकात. गोविंदप्रभूंचे चरित्र तेराव्या शतकाच्या अखेरचे. तेव्हा त्या शेंगुळ्यात मिरची असणे शक्यच नाही. यादवकाळावरच्या एखाद्या कादंबरीत कोणी पाहुण्याला भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा वाढला, तर लेखकाने दोनअडीचशे वर्षे उसनी घेतली असे समजावे.

मग तिखट लागत नव्हते काय? लागत होते, पण निराळे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (११२९ च्या सुमारास) अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मांडे, वडे, इडरिका, शिखरिणी आहेत. भाजलेले डुक्कर, मासे आणि नदीकाठी धरलेले शेतातले उंदीरही आहेत. (आमचे काही शाकाहारी सहकारी हे प्रकरण शिकवताना इडरिकेपाशीच थांबतात.) या सगळ्या पाककृतींत तिखटाचे काम करतात ती मिरी आणि आले, जोडीला हिंग, जिरे, मोहरी. आयुर्वेदातले ‘त्रिकटु’ म्हणजे सुंठ, मिरे आणि पिंपळी. मिरची येण्यापूर्वीच्या तिखटाचा हा सगळा संसार.

‘त्रिकटु’ या शब्दापाशी मात्र मराठीच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत ‘कटु’ पासून ‘कडू’ आला, पण अर्थ सरकून निंबाकडे गेला. जी जागा रिकामी झाली तिथे ‘तीक्ष्ण’ पासून आलेला ‘तिखट’ येऊन बसला. ‘मृष्ट’ किंवा ‘मिष्ट’ म्हणजे रुचकर, गोड. हिंदीत त्याचा ‘मीठा’ झाला, आणि आपल्याकडे व गुजरातीत तोच शब्द चक्क लवणाला लागला. चवीचे शब्द असे जागा बदलत असतात. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात राजस माणसाला आवडणाऱ्या आहाराचे जे वर्णन आहे, त्यात पहिलाच शब्द ‘कटु’. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, त्यावर मराठीत भाष्य करणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या जिभेवर त्या वेळी कोणते तिखट असेल? हा प्रश्न वर्गात विचारला की विद्यार्थी हसतात, पण तो अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे. राजस आहाराचे ते वर्णन वाचताना आपल्यासमोर लाल तवंगाचा रस्सा उभा राहतो. त्यांच्यासमोर तो नव्हता.

मिरची आल्यावर काय झाले याची साक्ष भाषाच देते. ‘मरिच’ पासून मिरे, मिरी. आणि मिऱ्याच्याच नात्याने नव्या फळाला ‘मिरची’. नवख्याला घरातल्या जुन्या माणसाचे नाव द्यावे तसा हा प्रकार. पण पुढे या नवख्याने घर ताब्यात घेतले. ‘तिखट’ हे मुळात विशेषण. आज ‘डब्यातले तिखट दे’ म्हटले तर सुंठ किंवा मिरपूड कोणी देणार नाही. ते नाम झाले आहे आणि त्याचा अर्थ लाल मिरचीची पूड. कोल्हापूरकडे ‘चटणी’ म्हटले की कांदा-लसूण घालून केलेले मिरचीचेच तिखट. एका परदेशी फळाने एका रसाचे नावच खाऊन टाकले, असे दुसरे उदाहरण निदान आमच्या आठवणीत नाही.

हे घडले कसे, याचे एक कारण शेतीत आहे. मिऱ्याचा वेल दमट, सावलीच्या मुलखातला, मलबारपासून गोव्या-कोकणापर्यंतच्या पट्ट्यातला. देशावरच्या माणसाला मिरे विकतच घ्यावे लागणार, आणि ज्या मालासाठी युरोपातून जहाजे येत होती तो माल स्वस्त कसा असणार? मिरची मात्र कोरड्या पठारावर येते, परसात चार रोपे लावली तरी घराला पुरते, आणि वाळवली की वर्षभर टिकते. ज्याच्या घरी मिरे पोहोचत नव्हते त्यालाही तिखट मिळू लागले. ‘चटणी-भाकर’ हा गरिबीचा पर्यायशब्द मराठीत रूढ झाला तो मिरचीमुळे. मिऱ्याची चटणी-भाकर कोणा कष्टकऱ्याला परवडली असती असे वाटत नाही.

याच ओघात उपासाच्या ताटाचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. साबुदाण्याच्या खिचडीत हिरवी मिरची, बटाटा, शेंगदाणा आणि कसावाच्या कंदापासून केलेला साबुदाणा असे चार मुख्य जिन्नस, आणि चारही अमेरिकेतून आलेले. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीज. भारतात साबुदाण्याचा उद्योग तामिळनाडूतल्या सेलमला उभा राहिला तो १९४० च्या दशकात. म्हणजे एकादशीला ‘परंपरेने’ जे खातात त्यातले काहीही एकनाथांच्या आजोबांना ओळखता आले नसते. वरईचे तांदूळ तेवढे खरे जुने, आणि नेमके तेच घरातल्या मुलांना नको असतात.

पुन्हा तोंडीलावण्यांकडे वळू. त्यांच्या नावांकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. चाटायची ती चटणी, ठेचलेला तो ठेचा, भाकरीशी कालवायचे ते कालवण, कोरडी भाकरी ज्याच्याशी खायची ते कोरड्यास, आणि तोंडाला लावायचे ते तोंडीलावणे. ही नावे हाताच्या क्रियेतून आली आहेत. ती करणाऱ्या बाईने किंवा खाणाऱ्या माणसाने ठेवली असणार, कोणा पंडिताने नव्हे. उलट पक्वान्नाचे नाव पाहा: शिखरिणीचे श्रीखंड झाले तरी संस्कृताची झूल उतरली नाही. लोणचे हे मधले, ‘लवण’ पासून आलेले, पण ‘लोण’ होऊन पुरते मराठी झालेले.

अशा अन्नाची लेखी नोंद मिळणे अवघड, कारण लिहिणाऱ्यांचे लक्ष वेगळीकडे होते. सोमेश्वर राजा होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘भोजनकुतूहल’ रचणारा रघुनाथ गणेश नवहस्त हा तंजावरच्या राणी दीपाबाईंच्या आश्रयातला. त्याचा ग्रंथही संस्कृत. परशुराम कृष्ण गोडे यांनी भांडारकर संस्थेत बसून अशा ग्रंथांचे काळ ठरविले, एकेका धान्याचा आणि पदार्थाचा माग काढला. पण साधन जिथे आहे तिथेच संशोधक जाणार. पुढे छापील मराठी पाकपुस्तके आली. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप देऊन सासर-माहेर दोन्ही दूर असलेल्या मुलींना स्वयंपाक शिकविला, हे तिचे ऋण मोठे आहे. तरीही ही स्वयंपाकघरे लिहिता-वाचता येणाऱ्या घरांतली. त्या उंबऱ्याबाहेरचे ताट छापले गेले ते प्रथम आत्मकथनांतून. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये बाळंतिणीच्या भुकेचे जे वर्णन आहे, ते कोणत्याही पाकपुस्तकाशेजारी ठेवून वाचावे. पाककृतींचे पुस्तक म्हणून हे ताट आले ते शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये, २०१५ साली. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या स्वयंपाकाची ती नोंद आहे. तिच्यात तूप नाही, तेल बेताचे, आणि वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत. शीर्षकातला एक ‘अ’ किती जुना हिशेब मांडतो ते शेंडीवाल्या श्लोकांवर वाढलेल्या वाचकाला सांगावे लागू नये. आमच्या मते मराठी खाद्येतिहासातले हे अलीकडचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक आहे, आणि ते पाकशास्त्राच्या कपाटात न ठेवता वाङ्मयाच्या कपाटात ठेवले पाहिजे.

शेंगुळ्याचे मोल अशा वेळी कळते. महानुभावांनी आपल्या गुरूची प्रत्येक लीळा, तिच्यात काय खाल्ले, काय मागितले यांसह, लोकांच्या भाषेत लिहून ठेवली. म्हणून एक साधा घरगुती पदार्थ, ज्याला कोणा राजाच्या मुदपाकखान्यात जागा मिळाली नसती, तेराव्या शतकातून आपल्यापर्यंत नावानिशी आला. ज्या भक्तिभावाने हे टिपले त्याला खाद्येतिहासाशी कर्तव्य नव्हते. मात्र संताच्या मुखी कोणते अन्न शोभते याची चिंता त्याने केली नाही, हेही तितकेच खरे.

मिरचीवाचून शेंगोळे कसे लागत असेल, हे गेल्या पावसाळ्यात आम्ही करून पाहिले. कृती वर दिली तीच. फक्त मिरचीच्या जागी दहाबारा मिरे, बोटभर आले आणि दोन पिंपळ्या, लसूण व जिरे नेहमीइतकेच. रस्सा पिवळट-तपकिरी झाला, तवंग आला नाही. तिखट लागले, पण जिभेच्या टोकाला लागले नाही. मिऱ्यातले पिपेरिन आणि मिरचीतले कॅप्सेसिन ही द्रव्येच वेगळी, तेव्हा तेही साहजिक. ऊब घशात उतरते आणि पिंपळीचा किंचित गोडसर, औषधी वास मागे राहतो. हुलग्याचा मूळचा तुरट मातकटपणा, जो मिरचीखाली दबून जातो, तो या रश्श्यात स्पष्ट कळतो. चारपैकी दोघांना ते आवडले. एकाने ठेचा मागून घेतला.