शरीशचा रस्ता

अंदलुस पाहायला जाणारा आपल्याकडचा मुसलमान सहसा तीन शहरं करतो : कुर्तुबा, इश्बिलिया आणि गरनाता. मशिदीचे खांब, अल-हमराच्या भिंती, एक लांब उसासा, आणि परतीचं विमान. इक्बाल १९३३ साली कुर्तुब्याच्या मशिदीत जाऊन आले, त्यांनी तिच्यावर नज़्म लिहिली, तेव्हापासून हा उसासा सफरीच्या कार्यक्रमातच धरलेला असतो. मी इश्बिलियाहून, म्हणजे आजच्या सेव्हिलहून, दक्षिणेला हेरेसला जातो म्हटल्यावर बरोबरचे एक भाई म्हणाले, "तिथं दारूशिवाय आहे काय?"

प्रश्न रास्त होता. हेरेस म्हणजे शेरी नावाच्या वाइनचं गाव. मी पीत नाही आणि त्याबद्दल मला काही सिद्धही करायचं नव्हतं. पण ज्या शहराचं अरबी नाव आज जगभर फक्त बाटलीवर वाचलं जातं, ते शहर पाहिल्याशिवाय परतणं मला पटेना.

जाणं सोपं आहे. सेव्हिलच्या सांता हुस्ता स्टेशनवरून कादिसकडे जाणारी गाडी धरायची, साधारण तासाभरात हेरेस. बसही आहे, रस्ताही चांगला आहे, पण माझं मत गाडीलाच. उत्रेरा मागे पडलं की वादी अल-कबीरचं, म्हणजे ग्वादलकिविरचं, सपाट खोरं सुरू होतं. वाटेत लेब्रिहा लागतं. या भागात कापूस पिकतो आणि कापसाचा स्पॅनिश शब्द 'अल्गोदोन' हा अरबी 'अल-कुत्न'वरून आलेला. याच लेब्रिहाच्या नेब्रिहा नावाच्या पंडिताने १४९२ साली स्पॅनिश भाषेचं पहिलं व्याकरण छापलं. गरनाता पडलं तेच हे साल. त्या भाषेत अरबी शब्द किती, हे मोजत बसलं तर गाडी कादिसला पोहोचेल. पुढे जमीन उंचसखल होते आणि मग पांढरी, खडूसारखी माती दिसू लागते. तिला 'अल्बारिसा' म्हणतात. ती हिवाळ्यातला पाऊस धरून ठेवते आणि उन्हाळ्यात वेलीला पुरवते.

रेल्वेचा इतिहासही या द्राक्षांशीच बांधलेला आहे. हेरेसहून समुद्राकडे जाणारा लोहमार्ग १८५४ साली सुरू झाला, तोही मुख्यतः पिंपं बंदरावर नेण्यासाठी. त्याआधी हे काम बैलगाड्या आणि ग्वादलेते नदीवरच्या होड्या करत. सेव्हिलशी जोडणारी लाइन १८६० सालची. म्हणजे माणसं ज्या रुळांवरून आज फिरायला जातात, ते आधी पिंपांसाठी पडले.

आता नावाकडे येऊ. अरबांनी या गावाला 'शरीश' म्हटलं. जुन्या स्पॅनिशमध्ये ते 'शेरेस' झालं, आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी तोच उच्चार उचलला. त्यांना शेवटचा 'स' अनेकवचनाचा वाटला, तो गाळून त्यांनी 'शेरी' केलं. पुढे स्पॅनिश भाषेतला 'श' घशात उतरला आणि गाव 'हेरेस' झालं. त्यामुळे मूळ अरबी उच्चाराच्या जवळ आज कोण असेल तर तो लंडनचा दारूविक्या! 'दे ला फ्रोन्तेरा' ही शेपटी नंतरची : ख्रिस्ती राज्य आणि गरनात्याची सल्तनत यांच्या सरहद्दीवरचं गाव, एवढाच तिचा अर्थ.

या नावासाठी लंडनच्या कोर्टात खटलाही झाला. ब्रिटनमधले उत्पादक आपल्या वाइनलाही शेरी म्हणत आणि हा केवळ एका प्रकाराचा शब्द आहे असं सांगत. स्पेनवाल्यांचं म्हणणं, हे गावाचं नाव आहे. हेरेसचे लोक आवर्जून सांगतात की यात अल-इद्रीसीचा नकाशा पुरावा म्हणून पुढे आला. अल-इद्रीसी सब्त्याचा मुसलमान भूगोलज्ञ. सिसिलीचा ख्रिस्ती राजा रॉजर दुसरा याच्या पदरी राहून त्याने ११५४ मध्ये जगाचा ग्रंथ आणि नकाशे पुरे केले. नकाशात दक्षिण वर आणि उत्तर खाली. त्याने शरीशची नोंद मध्यम आकाराचं, तटबंदीचं गाव अशी केली आहे, आणि भोवती द्राक्षमळे, जैतून, अंजीर असल्याचं लिहिलं आहे. १९६७ च्या निकालात नुसतं 'शेरी' हे नाव हेरेसच्या वाइनसाठी राखलं गेलं. 'ब्रिटिश शेरी' म्हणायची मुभा मात्र राहिली, ती युरोपच्या नियमांनी १९९६ मध्ये संपली. आज अधिकृत लेबलवर 'हेरेस-शेरेस-शेरी' असं तिहेरी नाव असतं. एकाच अरबी शब्दाची तीन रूपं.

मग मुसलमानी अमलात हे मळे टिकले कसे? इथला प्रत्येक वाटाड्या एक किस्सा सांगतो. खलिफा हकम दुसरा याने ९६६ साली मळे उपटायचा हुकूम दिला, तेव्हा शरीशच्या लोकांनी विनवलं की द्राक्षांचे बेदाणे होतात आणि ते फौजेला लागतात. खलिफाने बरेचसे मळे ठेवले. किस्सा गोड आहे. तासगावच्या शेतकऱ्यालाही पटेल. हेरेसमध्ये आजही पेद्रो हिमेनेस जातीची द्राक्षं उन्हात वाळवतात.

पण अल-हुमैदी हा अकराव्या शतकातला अंदलुसी इतिहासकार वेगळंच लिहितो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हकमने दारू ओतून टाकायचा सक्त हुकूम काढला आणि सगळ्या मुलखातून द्राक्षवेलच काढून टाकावी का, असा सल्लाही घेतला. उत्तर आलं, लोक ती अंजिराचीही करतात. खलिफा थांबला. मला हीच गोष्ट खरी वाटते. त्यात ना फौज आहे ना बेदाणे. हुकूम कुठवर चालतो याचा अंदाज असलेला एक राज्यकर्ता आहे, आणि न ऐकणारी रयत आहे. त्या रयतेत मुसलमान नव्हते असं समजायला काही आधार नाही. आपण अंदलुस आठवताना तिथला प्रत्येक माणूस मुत्तकी होता असं धरून चालतो. दुसरी बाजू मुसलमानांनी द्राक्ष ओळखलं ते केवळ उपटण्यासाठी, असं धरते. कुराणात द्राक्षं अल्लाहच्या देणग्यांमध्ये वारंवार येतात. वेल हराम कधीच नव्हती.

गावातला किल्ला, अल्काझार, मुवह्हिदांच्या काळचा. आत एक छोटी मशीद आहे, घुमटाची, अष्टकोनी. १२६४ साली अल्फान्सो दहाव्याने मुदेहारांचं बंड मोडून शहर घेतलं तेव्हा तिचं चर्च झालं आणि मिनाराचा घंटाघर. मुसलमानांना शहर सोडावं लागलं. त्यांची घरं नव्या वसाहतवाल्यांना वाटली गेली, त्या वाटपाची वही शिल्लक आहे. किल्ल्याला लागूनच एका मोठ्या वाइन कंपनीची कोठारं आहेत. प्रवासी बहुधा तिकडे आधी जातात.

या शहराचा एक माणूस आपल्या मदरशांच्या ओळखीचा आहे. दर्स-ए-निज़ामीत 'मक़ामात-ए-हरीरी' शिकवतात, आणि त्या ग्रंथावरच्या गाजलेल्या शरहांपैकी एक अबुल अब्बास अहमद अल-शरीशी याची. तो इथलाच. १२२२ मध्ये वारला, शहर जायच्या ४२ वर्षं आधी. त्याच्या नावातला 'शरीशी' म्हणजे हेच हेरेस.