शनिवारचा खाऊ आणि ४३६ माणसं



एक्स्चेंज प्रोग्रॅमवर स्वीडनला निघालेले बरेच जण विचारतात, की होस्ट फॅमिलीकडे पहिले दिवस कसे जातात? सोबत काय न्यावं, काय बोलावं, काय टाळावं? कपड्यांची आणि मसाल्यांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. मी आज त्या पहिल्या आठवड्यात दिसणाऱ्या दोन घरगुती सवयींचा इतिहास सांगणार आहे. एक सवय म्हणजे सगळ्यांना 'तू' म्हणणं आणि दुसरी म्हणजे मुलांना फक्त शनिवारी गोड खाऊ देणं. दोन्हींचा माग काढत गेलं की आपण एकाच सरकारी कार्यालयाच्या दारात पोहोचतो. तिथे जे सापडतं, ते संशोधनात उतरणाऱ्या प्रत्येकाने आधीच वाचलेलं बरं.

पहिला आठवडा

मी लुंडला एका सत्रासाठी गेले होते. ऑगस्टचा शेवट होता. घरात आई, वडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं. चपला दाराशी काढायच्या, हे आपल्यासारखंच. जेवल्यावर आपलं ताट आपण उचलायचं आणि डिशवॉशरमध्ये लावायचं, पाहुणे असलो तरी. दुपारी कॉफी आणि सोबत काहीतरी गोड, त्याला ते 'फीका' म्हणतात. इथवर काहीच अवघड नाही.

अवघड गेलं ते नावाने हाक मारणं. घरातली बाई माझ्या आईच्या वयाची. आपल्याकडे मी त्यांना काकू म्हटलं असतं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, नुसतं नाव घे. विद्यापीठातही तेच. प्राध्यापकांना 'सर' नाही, 'प्रोफेसर' नाही, पहिलं नाव आणि 'दू'. हा 'दू' म्हणजे आपल्या 'तू'चा दूरचा भाऊच. दोन्ही शब्द एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेले आहेत.

आणि मग आला शनिवार. मुलं आईसोबत दुकानात गेली. तिथे भिंतभर पारदर्शक खणांत रंगीबेरंगी गोळ्या, जेली आणि चॉकलेटं होती. छोट्या फावड्याने हवं ते कागदी पिशवीत भरायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. आठवडाभर गोळी न मागणारी ही मुलं त्या दिवशी मनसोक्त खात होती. या खाऊला स्वीडिश भाषेत खास शब्द आहे, 'लोर्दाग्सगूदिस', म्हणजे शनिवारचा खाऊ. 'असं का?' म्हटल्यावर उत्तर आलं, 'दातांसाठी. पहिल्यापासून असंच आहे.'

कोणी 'पहिल्यापासून असंच आहे' म्हणालं, की संशोधकाने कान टवकारायला हवेत. कारण सवयीला सहसा तारीख असते.

'दू' कधी आलं?

१९६० च्या दशकापर्यंत स्वीडनमध्ये अनोळखी किंवा वरच्या माणसाशी बोलणं म्हणजे कसरत होती. 'नी' हे सर्वनाम होतं, पण ते अनेकांना तुच्छतेचं वाटायचं. म्हणून समोरच्याशी बोलतानाही पदवी आणि आडनाव घेऊन तृतीयपुरुषी वाक्य करायचं. समोर बसलेल्या डॉक्टरांनाच विचारायचं, 'डॉक्टर कॉफी घेणार का?' पदवी माहीत नसेल तर वाक्यच अडायचं.

१९६७ मध्ये ब्रूर रेक्सेड हे तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय मंडळाचे प्रमुख झाले. त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं, की मी सगळ्यांना 'दू' आणि पहिल्या नावाने हाक मारणार, तुम्हीही मला तसंच म्हणा. न्यूरोसायन्सवाल्यांना हे नाव ओळखीचं असेल. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूमधले 'रेक्सेड लॅमिना', म्हणजे करड्या द्रव्याचे दहा थर, ते याच माणसाने १९५० च्या दशकात मांजरांच्या अभ्यासातून मांडले.

ही सुधारणा रेक्सेड यांच्या नावावर जमा आहे, पण ते पहिले नव्हते. 'दू' आधीपासून पसरत होतं. मोठ्या पदावरच्या माणसाने ते जाहीरपणे म्हटलं म्हणून लोकांच्या लक्षात राहिलं. बदल हळूहळू होतो आणि आठवण मात्र एका माणसाला चिकटते. इतिहासात हे वारंवार दिसतं, विज्ञानाच्या इतिहासात तर फारच.

आता हे वैद्यकीय मंडळ लक्षात ठेवा.

खाऊ शनिवारीच का?

१९३० च्या दशकात स्वीडनमध्ये दातांची अवस्था फार वाईट होती. किडलेले दात हा जवळजवळ सगळ्यांचा आजार होता. १९३८ मध्ये संसदेने सार्वजनिक दंतसेवेचा निर्णय घेतला. पण दंतवैद्य होते थोडे आणि तोंडं लाखो. त्यामुळे दात बुजवत बसण्यापेक्षा कीड का लागते हे शोधणं भाग होतं. साखरेवर संशय होता, पण पुरावा पक्का नव्हता. माणसांना ठरलेला आहार वर्षानुवर्षं देऊन, दातांची नोंद ठेवून, गटांची तुलना केल्याशिवाय तो मिळणार नव्हता.

१९४५ मध्ये सरकारने हे काम वैद्यकीय मंडळाकडे दिलं. जागा ठरली लुंडमधलं वीपेहोल्म रुग्णालय. १९३५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं ठेवलेली असत, त्यातही ज्यांना 'शिकवणं शक्य नाही' असा शिक्का बसला होता अशी. बहुतेक जण वर्षानुवर्षं तिथेच राहणारे.

सुरुवातीचे प्रयोग जीवनसत्त्वांचे होते. १९४७ पासून साखरेचे सुरू झाले. एका गटाला जेवणाबरोबर द्रवरूपात साखर, एकाला गोड पाव, एकाला चॉकलेट, एकाला कॅरॅमल, आणि दोन गटांना टॉफी, कोणाला दिवसाला ८ तर कोणाला २४. टॉफी मुद्दाम मोठी आणि दाताला चिकटून राहील अशी बनवलेली. साखर आणि मिठाई उद्योगाचाही या कामाला हातभार होता.

निष्कर्ष स्पष्ट निघाले. साखर जेवणासोबत घेतली तर, प्रमाण जास्त असूनही, कीड थोडीच वाढते. तीच साखर चिकट रूपात, दोन जेवणांच्या मधल्या वेळात दिली की कीड झपाट्याने वाढते. ते खाणं थांबवलं की वेग पुन्हा उतरतो. म्हणजे किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं आणि ते दाताला किती काळ चिकटून राहिलं, हे महत्त्वाचं. आपल्याकडे बीडीएसच्या पुस्तकांतही हा अभ्यास असतो.

यातूनच १९५० च्या दशकाच्या शेवटी लोकांना सल्ला दिला गेला: मुलांना रोज थोडंथोडं गोड देण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच द्या, हवं तेवढं. तो एकदाचा दिवस शनिवारला चिकटला आणि दोन पिढ्यांत 'पहिल्यापासून असंच आहे' झालं.

ज्यांचे दात किडले ते

आता उलट बाजूने बघू. टॉफीच्या गटांतल्या माणसांचे दात किडले. ते किडणं हा अपघात नव्हता, तेच तर मोजायचं होतं. त्या माणसांना याची कल्पना दिली गेली नाही, आणि संमती घेण्याचा प्रश्न कोणाला पडला नाही.

पण वीपेहोल्मच का? प्रयोगाच्या आखणीच्या दृष्टीने विचार केला, तर उत्तर अस्वस्थ करणारं आहे. चांगल्या आहार-अभ्यासाला काय लागतं? सहभागी मधेच सोडून जाऊ नयेत. बाहेरचं खाऊ नयेत. दिलेलं खावं. सगळ्यांची राहणी सारखी असावी. हे सगळं वीपेहोल्ममध्ये तयारच होतं, कारण तिथल्या माणसांना बाहेर जायचं, नको म्हणायचं, वेगळं मागायचं स्वातंत्र्य नव्हतं. आपण पेपरमध्ये ज्याला 'कंट्रोल' म्हणतो, तो तिथे माणसांच्या असहायतेतून आला होता.

मुख्य शोधनिबंध १९५४ मध्ये आला. त्याच्या शीर्षकात कर्बोदकांच्या वेगवेगळ्या प्रमाणांचा परिणाम आणि पाच वर्षं 'निरीक्षण केलेल्या' ४३६ व्यक्ती असा उल्लेख आहे. 'निरीक्षण' हा शब्द परत वाचा. टॉफी भरवणं हे निरीक्षण नाही, ती कृती आहे. आणि 'व्यक्ती' या शब्दातून ती कोण माणसं होती, हे अजिबात कळत नाही. शीर्षकात खोटं काही नाही, तरी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यातून निसटते.

'तेव्हा चालायचं' म्हणावं का?

हा युक्तिवाद नेहमी येतो, आणि तो पूर्ण चुकीचा नाही. तेव्हा आजच्यासारख्या एथिक्स कमिट्या नव्हत्या. संशोधकांना लाखो मुलांचे दात वाचवायचे होते, आणि बऱ्याच अंशी ते वाचलेही.

पण तारखा शेजारी ठेवून बघा. साखरेचे प्रयोग सुरू झाले १९४७ मध्ये. त्याच वर्षी न्यूरेंबर्गमध्ये नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला आणि न्यूरेंबर्ग संहिता आली. तिचं पहिलंच कलम म्हणतं, की प्रयोगातल्या माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे. म्हणजे विचार जगात होता. पण ती संहिता गुन्हेगार डॉक्टरांसाठी आहे, आपल्यासारख्या भल्या लोकांसाठी नाही, असं अनेक देशांतल्या संशोधकांना वाटत राहिलं. हेलसिंकी जाहीरनामा यायला १९६४ उजाडलं.

स्वीडनमधली हवाही बघायला हवी. तिथे १९३४ चा कायदा बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांची संमतीविना नसबंदी करू देत होता, आणि सक्तीचा हा काळ १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला. ज्यांच्या शरीराबद्दल राज्यच परस्पर निर्णय घेत होतं, त्यांच्या दातांबद्दल कोण विचारणार?

वीपेहोल्मवर स्वीडनमध्येच पुढे कडक टीका झाली. २००६ मध्ये एलिन बोम्मेनेल यांनी या प्रयोगांवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. सांगायचं कारण असं, की 'जुना, संपलेला विषय' वाटतो तिथेही पीएचडीचा प्रश्न दडलेला असतो.

दोन सवयी, एक कार्यालय

आता दोन्ही धागे जोडू. ज्या मंडळाकडे १९४५ मध्ये दातांचा अभ्यास सोपवला गेला, त्याच मंडळाच्या प्रमुखाने १९६७ मध्ये 'मला तू म्हणा' असं सांगितलं. मला 'दू' आवडतं. प्राध्यापकाला नावाने हाक मारता आली की 'मला हे पटत नाही' म्हणणंही जरा सोपं जातं, हे मी अनुभवलंय. पण वीपेहोल्म वाचल्यावर वाटतं, की समानतेची खरी कसोटी सर्वनामात नाही. समोरचा माणूस 'नाही' म्हणू शकतो का, आणि म्हणाला तर त्याचं काही बिघडत नाही ना, हे बघायला हवं. आपण गाइडना 'अहो सर' म्हणतो म्हणून लगेच मागास ठरत नाही, आणि 'दू' म्हणणारा समाज आपोआप न्यायी ठरत नाही.

आपल्यासाठी

कोर्सवर्कमध्ये आता रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा दोन क्रेडिटचा पेपर सक्तीचा आहे. बरेच जण तो नोट्स पाठ करून काढतात. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचताना 'असुरक्षित गट' हा भाग थांबून वाचा. आश्रमशाळेतली मुलं, वसतिगृहातल्या मुली, सरकारी दवाखान्यातले पेशंट, कारखान्यातले कामगार हे आपल्याला पटकन 'सॅम्पल' म्हणून मिळतात. ते पटकन का मिळतात, हा पहिला प्रश्न. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली म्हणजे मुलांनी दिली असं होत नाही. फॉर्मवर अंगठा आला म्हणजे समजलं असंही नाही.

एक काम सांगते. तुमच्या विषयातला, माणसांवर झालेला कोणताही एक पेपर घ्या आणि फक्त पद्धतीचा भाग वाचून तीन ओळी लिहा: यातली माणसं कोण होती, ती नको म्हणू शकत होती का, आणि त्यांना यातून काय मिळालं? बहुतेक वेळा तिसरी ओळ लिहिताना पेन थांबतं. ती अडलेली ओळ वहीत तशीच ठेवा. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा आधी ते पान उघडा.