रंगभूमीवरील वध आणि रस्त्यावरील वध

मुले मोबाइलवर व संगणकावर जे लढाईचे खेळ खेळतात, त्यांच्यामुळे त्यांच्या हातून प्रत्यक्ष हिंसा घडते की काय, हा प्रश्न आज सुशिक्षित कुटुंबांत वारंवार विचारला जातो. एखाद्या अल्पवयीन मुलाने भयंकर कृत्य केल्याची वार्ता आली, की तो कोणता गेम खेळत होता याची विचारपूस आधी होते. घरात काय चालले होते याची मागाहून, किंवा मुळीच नाही. साधन नवे असले तरी वाद मात्र फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील पहिल्याच अध्यायात त्याची कथा आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला नाट्यप्रयोग झाला आणि त्यात देवांनी दैत्यांचा केलेला पराभव दाखविण्यात आला. तो पाहून दैत्य क्षुब्ध झाले आणि विघ्नांच्या साह्याने त्यांनी नटांची वाचा व हालचाल कुंठित केली. तेव्हा इंद्राने ध्वजदंड उचलून विघ्नांस झोडपले आणि अखेरीस ब्रह्मदेवास दैत्यांची समजूत घालावी लागली, की नाट्य हे कोणा एका पक्षाचे नसून त्रैलोक्यातील भावांचे अनुकीर्तन आहे. खोट्या लढाईवरून खरी मारामारी झाल्याचे हे आपल्या वाङ्मयातील आद्य उदाहरण होय. परंतु प्रयोग एकच असता देव संतुष्ट झाले व दैत्य खवळले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पराभवाचा सल ज्यांच्या मनात अगोदरच होता, त्यांनीच हात उचलला.

महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात या वादाला जे स्वरूप आले, ते याहून गंभीर आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने सोल्जरांकडून घरांची झडती घेण्यात येत होती आणि त्या अंमलाविषयी लोकांत तीव्र संताप होता. १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी-उत्सवाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यात अफझलखानाच्या वधाच्या नीतिमत्तेची चर्चा होती. त्यानंतर एकाच आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडसाहेबावर गोळी झाडली; लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. दोन घटनांमधील अंतर सात दिवसांचे. सरकारपक्षाच्या मनाने त्यांत कार्यकारणसंबंध जोडण्यास एवढे पुरेसे होते. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीस सांगितले, की या लेखांमुळे प्रत्यक्ष दंगा झाला की नाही हा प्रश्न गैरलागू आहे. ज्यूरीपैकी सहा युरोपियनांनी टिळकांस दोषी मानले, तीन हिंदी गृहस्थांनी निर्दोष मानले, आणि १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. खुनाशी टिळकांचा संबंध सिद्ध झाला नाही. तो सिद्ध करण्याची आवश्यकताच कायद्याने ठेवली नव्हती.

दुसरे उदाहरण रंगभूमीचे आहे व आमच्या मते ते अधिक बोधप्रद आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारताच्या विराटपर्वातील. परंतु कीचकाच्या उन्मत्त बोलण्यात लॉर्ड कर्झन, सैरंध्रीच्या विटंबनेत हिंदभूमी, युधिष्ठिराच्या सबुरीत मवाळ आणि भीमाच्या संतापात जहाल पक्ष प्रेक्षकांस स्पष्ट दिसत होता. नाटक तुफान चालले. पुढे २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांस अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या घालून ठार केले. महिनाभराच्या अवधीतच, जानेवारी १९१० मध्ये, 'कीचकवधा'चे प्रयोग बंद करण्यात आले. हत्यार होते १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा. ही बंदी पुढे १९२६ पर्यंत टिकली.

आता गंमत अशी, की त्या रात्री विजयानंदात 'कीचकवधा'चा प्रयोग नव्हताच. तेथे चालले होते देवलांचे 'शारदा'. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या अजाण मुलीच्या त्या करुण नाटकात कोणाचा वध नाही, सूडाची प्रतिज्ञा नाही. जॅक्सन नाटकास येणार होते, म्हणून कान्हेरे नाट्यगृहात गेले. त्यांच्या कृत्यामागे काय होते? काही कविता प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांस १९०९ च्या जूनमध्ये झालेली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होती. गुप्त मंडळी होती. विलायतेहून आलेली पिस्तुले होती. एवढी कारणे पुढ्यात असता सरकारचा हात गेला तो नाटकाच्या संहितेवर. जन्मठेपेचा फेरविचार करणे म्हणजे आपली चूक मान्य करणे; नाटक बंद करणे त्यापेक्षा फारच स्वस्त होते.

परंतु येथेच आपणही आपल्या मनाची झडती घेतली पाहिजे. 'कीचकवधा'ने महाराष्ट्र पेटविला, पोवाड्यांनी मरगळलेल्या मनांत तेज ओतले, असे आपण अभिमानाने सांगतो. आणि सरकार तेच म्हणत होते तेव्हा मात्र नाटकासारख्या निरुपद्रवी गोष्टीने कोठे खून होतात काय, असे विचारतो. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. आम्हांस वाटते ते असे : चित्रित हिंसेत सामर्थ्य असते, पण ते उसने असते. ती मनात असलेल्या रागाला रूप देते, नाव देते, कधी दिशाही देते. नसलेला राग ती निर्माण करीत नाही. १९०७ साली प्रेक्षागृहात संताप आधीच येऊन बसला होता. खाडिलकरांनी त्यास भीमाची वाणी दिली. म्हणून ज्यास हिंसेचे मूळ शोधावयाचे असेल, त्याने चित्राकडे पाहिल्यावर तेथेच थांबू नये.

असा समग्र विचार कसा करावा याचा एक धडा आमच्या नगरच्या इतिहासात आहे. ३१ मे व १ जून १९१६ रोजी टिळकांनी अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, स्वराज्यावर मराठीत व्याख्याने दिली. ती व त्यापूर्वीचे बेळगावचे व्याख्यान राजद्रोही ठरवून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून २० हजार रुपयांचा जातमुचलका व प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन मागितले. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सुटी वाक्ये वेचून निवाडा करावयाचा नाही, भाषण समग्र व मोकळ्या मनाने वाचावयाचे, ही त्या निर्णयाची दृष्टी होती. १८९७ च्या न्यायासनास जे सुचले नाही, ते १९१६ मध्ये सुचले.

तीच दृष्टी घेऊन आजच्या प्रश्नाकडे यावे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०१५ साली व पुन्हा २०२० साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. हिंसाप्रधान गेम आणि ओरडणे, ढकलाढकली करणे यांसारखी आक्रमक वागणूक यांत अल्प पण सातत्याने दिसणारा संबंध आहे. मात्र खून-मारामाऱ्यांसारख्या गुन्ह्यांचे खापर खेळांवर फोडण्यास पुरेसा आधार नाही, असा तिचा अभिप्राय आहे. कॅलिफोर्निया संस्थानाने असे गेम अल्पवयीनांस विकण्यास बंदी करणारा कायदा केला होता. तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरविला. जपान व दक्षिण कोरिया येथील तरुण या खेळांत आकंठ बुडालेले असतात. तथापि खुनांचे प्रमाण त्या देशांत अत्यल्प आहे. आपल्याकडे २०१९ साली एका ११ वर्षांच्या मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात पबजीवर बंदी मागण्यात आली. तो गेम सप्टेंबर २०२० मध्ये बंदही झाला. पण कारण दिले गेले ते देशाच्या सुरक्षिततेचे, मुलांच्या मनाचे नव्हे.

कोणी म्हणेल, नाटकात भीम मारतो व आपण पाहतो. गेममध्ये मुलाचे बोट स्वतः गोळी झाडते. हा भेद खरा आहे. पण दुसराही भेद आहे. 'कीचकवधा'त विटंबना झालेली सैरंध्री होती; गेममधील शत्रूने कोणाचे काही बिघडविलेले नसते. तेथील वधास कारण नाही, म्हणून अर्थही नाही. अशा हिंसेने सूडबुद्धी चेतविली जाण्यापेक्षा झोप, अभ्यास आणि घरातील संभाषण यांचा नाश होण्याचाच धोका आम्हांस मोठा दिसतो. आणि तो लहान नाही.

आणि खऱ्या हिंसेचे उगमस्थान पाहावयाचे, तर आमच्या जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. नेवासे तालुक्यातील सोनई येथे जानेवारी २०१३ मध्ये तीन दलित तरुणांची निर्घृण हत्या झाली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २०१८ साली आरोपींस दोषी ठरविले. त्या कृत्याची प्रेरणा कोणत्या पडद्यावरून आली नव्हती. सवर्ण मुलीवर एका तरुणाने प्रेम केले, हे सहन न होणारा जातीचा अभिमान तिच्या मुळाशी होता. आणि तो अभिमान मुलांस मोबाइल शिकवीत नाही. तो ते वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून, पंगतीतून, सोयरिकीच्या वाटाघाटींतून शिकतात.

म्हणून पालकांनी मुलाच्या हातातील खेळ जरूर पाहावा, त्यास वेळेची मर्यादा घालावी, वयास न शोभणारा खेळ काढून घ्यावा. परंतु तो काढून घेतल्याने आपले कर्तव्य संपले, असे मानणारा गृहस्थ १९१० च्या सरकारहून फारसा वेगळा नाही. त्या सरकारने नाटक बंद केले आणि प्रेक्षकांच्या मनातील राग कोठून आला, हे विचारण्याचे टाळले. आपल्या मुलाच्या मनात राग असेल, तर तो कोणाविषयी आहे आणि त्याने तो कोणाकडून घेतला, हे विचारण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. मग उत्तर आपल्याच घराकडे बोट दाखविणारे का असेना.