१६ जून १९७६ : सोवेटोची शाळकरी मुले रस्त्यावर

जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीत १६ जून १९७६ रोजी हजारो मुले शाळेच्या गणवेशातच मोर्चाने निघाली. कृष्णवर्णीयांच्या शाळांत गणितासारखे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकवण्याची सक्ती वर्णद्वेषी सरकारने केली होती. ही भाषा मुलांना धड येत नव्हती, अनेक शिक्षकांनाही नाही. मुळात १९५३च्या बांटू शिक्षण कायद्यामागचा हेतूच या मुलांना गोऱ्यांच्या हाताखाली राबण्यापुरते शिकवण्याचा होता.

मोर्चा शांततेचा होता. तरीही ऑर्लँडो वेस्ट भागात पोलिसांनी अश्रुधुरापाठोपाठ मुलांवर थेट गोळ्या झाडल्या. हेस्टिंग्ज एन्डलोवु आणि अवघ्या १२ वर्षांचा हेक्टर पीटरसन मारले गेले. हेक्टरला दोन्ही हातांवर घेऊन निघालेला डंगरीतला मुलगा आणि शेजारी आक्रोश करत धावणारी हेक्टरची बहीण, हे सॅम न्झिमा यांनी टिपलेले छायाचित्र जगभर पोहोचले. त्यापायी न्झिमा यांच्यामागे पोलिसांचा ससेमिरा लागला आणि त्यांना पत्रकारिता सोडावी लागली.

आंदोलन देशभर पसरले, शेकडो बळी गेले. ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांच्या हाकेला ओ देऊन सोवेटोतले कामगार कामावर गेले नाहीत. रोजच्या मजुरीवर पाणी सोडून पोरांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या या आईबापांची आठवण फार कमी वेळा काढली जाते. आफ्रिकान्सची सक्ती सरकारला मागे घ्यावी लागली. दक्षिण आफ्रिकेत १९९५पासून १६ जूनला युवा दिनाची सार्वजनिक सुट्टी असते.